पंचा, करदोडा आणि हरमल

मिलिंद सोमण आणि मी यांच्यात एक साम्य आहे. पंचावन्नावा वाढदिवस समुद्रावर, अंगावर काहीही न ठेवता साजरा करावा असं दोघांच्याही मनात आलं. त्यांनी ते ४ नोव्हेंबर २०२० रोजी गोव्यात करून दाखवलं. वाळूवरून धावले, बायकोने काढलेला फोटो जगापुढे ठेवला, आणि पोलिसांनी अश्लीलतेचा गुन्हा नोंदवला. मी माझा बेत घरी सांगितला तेव्हा बायको कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "फोटोबिटो मी काढणार नाही हं. आधीच सांगते."

बेताला नकार नव्हता, फक्त छायाचित्रणाला होता. मी त्याचा अर्थ होकार असा घेतला. नवरे घेतात.

हे खूळ डोक्यात शिरलं ते आरशामुळे. विलिंग्डन कॉलेजच्या मैदानावर सकाळी फेऱ्या मारायला लागल्यापासून पोट बरंच आत गेलंय, असा ठराव मी मांडला होता. अनुमोदनही मीच दिलं होतं. फेऱ्या मारणाऱ्यांत एक निवृत्त प्राध्यापक आहेत. ते एकदा म्हणाले, "बारीक दिसताय, बरं नाही का?" यातला पहिला अर्धा भाग मी शंभर फुटी रस्त्यावरच्या ओळखीच्या यच्चयावत माणसांना सांगितला.

पण सांगलीच्या विश्रामबागेतल्या माणसाला नुसते कपडे काढून भागत नाही. एकीकडे १९१९ चं विलिंग्डन, दुसरीकडे १९४७ चं वालचंद, अशा दोन कॉलेजांच्या कैचीत राहणाऱ्याला कुठल्याही गोष्टीला आधी वैचारिक बैठक लागते. आमच्याकडे पाण्याचा पंप बिघडला तरी पहिल्यांदा चर्चा होते आणि मग प्लंबर येतो. तेव्हा मी वाचनाला लागलो.

पहिले अर्थात र. धों. कर्वे. महर्षी कर्व्यांचा हा मुलगा १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवत राहिला. मुखपृष्ठावर विवस्त्र बाईचं चित्र आणि आत संततिनियमनापासून गुप्तरोगांपर्यंत सगळं साध्या, कोरड्या मराठीत. मुखपृष्ठ बघून आत शिरलेल्या वाचकाचा केवढा हिरमोड होत असेल! नागडं शरीर ही लाजायची गोष्टच नव्हे, हे कर्वे बिनदिक्कत मांडायचे. १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला तेव्हा बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड भरला, मासिक पुढेही निघत राहिलं. एवढी माणसं मागे उभी आहेत म्हटल्यावर मी विचाराने तरी पूर्ण विवस्त्र झालो. घरात मात्र बनियन न घालता जेवायला बसलो की आई वाढायचा हात आखडता घ्यायची, ती सवय अजून आहे. मी आजही बनियन घालूनच जेवतो.

पण माझा खरा दिग्विजय ठाण्यात झाला. १८९१ साली ठाण्याचे जिल्हा न्यायाधीश चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड यांनी 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट' नावाची मंडळी काढली. जगातली पहिली ज्ञात नग्नसंस्था ती. बर्लिन नाही, पॅरिस नाही, ठाणे! सभासद तीन : विधुर क्रॉफर्डसाहेब आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे. माथेरान आणि तुळशी तलाव ही त्यांची ठिकाणं. साहेबांनी एडवर्ड कार्पेंटर या इंग्रज लेखकाला पत्रं लिहिली म्हणून हे आपल्याला कळतं तरी. पुढच्याच वर्षी साहेबांची बदली रत्नागिरीला झाली आणि संस्था आटोपली. तीन सभासदांत दोन गट पडले नाहीत, यावरून ती मराठी माणसांची नव्हती हे उघड आहे.

"म्हणजे बघ," मी बायकोला म्हणालो, "हे परदेशी फॅड नाही. आपल्याकडचंच आहे."

"मग माथेरानला जाऊ की," ती म्हणाली. "थंडी असते. तुम्ही स्वेटरसुद्धा काढणार नाही."

म्हणून गोवा. आंबोली उतरून सावंतवाडी, बांदा, पेडणे करत हरमल. वाटेत आजऱ्याच्या पुढे मी गाडी चालवता चालवता बायकोला कायदा समजावून सांगितला : सार्वजनिक ठिकाणी अश्लील वर्तन हा गुन्हा आहे, पूर्वी त्याला दंडविधानाचं कलम २९४ लागायचं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं २९६ लागतं. दीडशे वर्षांत उघड्या माणसाबाबत आपण दोन आकड्यांनी पुढे सरकलो. गोव्यात कपडे न घालता वावरण्यासाठी राखून ठेवलेला अधिकृत किनारा एकही नाही. जे आहे ते सगळं कानोकानी. अमक्या डोंगराच्या पलीकडे, तमक्या खडकाच्या आड, भरती नसताना.

"आणि हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

मी घाटावर लक्ष केंद्रित केलं.

कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या वयाच्या सांगली-मिरजेच्या पुरुषाला हे कटिंगच्या दुकानातून वारशाने मिळालेलं आहे. एकोणीसशे साठनंतरच्या दहा-पंधरा वर्षांत हणजूणच्या किनाऱ्यावर हिप्पी उतरले. एट फिंगर एडी नावाचा आठ बोटांचा अमेरिकन त्यांचा पहिला कुलपुरुष. ते नारळीखाली राहायचे आणि कपड्यांना फारसं महत्त्व द्यायचे नाहीत. गावचे रापणकार जाळं ओढत ओढत त्यांच्या शेजारून जायचे. त्यांना मासळी महत्त्वाची. पण घाटावरून मात्र गाड्या भरभरून पुरुष खाली उतरायला लागले. बेळगाव, कोल्हापूर, आणि होय, आम्हीपण. घरी सांगून निघायचे मंगेशी आणि शांतादुर्गेचं दर्शन. ते घ्यायचेही, खोटं कशाला बोला. मग दुपारी गाडी हणजूणला. परत आल्यावर प्रसाद घरात वाटला जायचा आणि गोष्ट सलूनमध्ये. मी तेव्हा खुर्चीवर फळी टाकून बसण्याच्या वयाचा होतो. वस्तरा मानेवर थांबलाय, समोरच्या आरशात चार बाप्ये हसताहेत आणि एकजण म्हणतोय, "पोरगं हाय, हळू बोला." एवढंच आठवतं. पुढचं ऐकू आलं नाही ही माझ्या शिक्षणातली मोठी उणीव राहिली.

हरमलच्या मुख्य किनाऱ्यावरून उत्तरेला डोंगराच्या कडेने वाट जाते. एका बाजूला कपड्यांची, माळांची, चहाची दुकानं टांगल्यासारखी उभी, दुसऱ्या बाजूला खाली काळे खडक आणि त्यांच्यावर फुटणारं पाणी. वळसा घातला की काळाचा किनारा, आणि त्याच्या पाठीमागे गोड्या पाण्याचं तळं. समुद्र खारट आणि वीस पावलांवर तळं गोडं. तळ्याच्या वरच्या अंगाला पिवळट चिखल मिळतो, तो अंगाला फासून लोक उन्हात वाळत बसतात. बायको म्हणाली, "हे बरं आहे. मुलतानी मातीचे पैसे वाचतात." तिथून पुढे केरीच्या बाजूला खडकांवरून चढत-उतरत गेलं की मध्येच वाळूचे छोटे छोटे तुकडे लागतात. त्यातला एक मला हवा तसा होता. तिन्ही बाजूंनी खडक, चौथीला समुद्र. दुसऱ्या टोकाला सत्तरीच्या घरातलं एक गोरं जोडपं वाळूवर पसरलं होतं. म्हातारा पालथा झोपला होता, म्हातारी पाठीला खडक देऊन जाडजूड पुस्तक वाचत होती. दोघांच्या अंगावर मिळून एक टोपी होती.

मी अलीकडच्या टोकाच्या खडकाआड गेलो. बायकोने समुद्राकडे पाठ करून भडंगाची पुडी सोडली. आणि मी पिशवीतून पंचा काढला.

आता इथे पंचाविषयी बोलल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

कपडे काढण्याच्या बाबतीत जर्मन लोक पुढे असतील, पण कपडे बदलण्याच्या बाबतीत कृष्णाकाठचा हात धरणारा जगात कुणी नाही. शंभर माणसांत, भर उजेडात, ओल्या पायरीवर एका पायावर उभं राहून, कुणालाही काहीही न दाखवता ओली चड्डी उतरवून कोरडी चढवणे ही कला सांगलीच्या घाटावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि तिच्यावर एकही प्रबंध झालेला नाही. शिवाजी विद्यापीठाने लक्ष घालावं. माझं शिक्षण विष्णू घाटावर काकांच्या हाताखाली झालं. काका पंथाने दाती धरणारे. म्हणजे पंचा कमरेला गुंडाळायचा, त्याचं वरचं टोक दातांत धरायचं आणि दोन्ही हात आतल्या कामाला मोकळे ठेवायचे. याचा तोटा असा, की दात मिटलेले असल्याने बोलता येत नाही. काकांना ते मान्य नव्हतं. ते दाती पंचा धरून उसाच्या दरावर बोलायचे. "हंदा हाहा हिला हाहिये," असं काहीतरी ऐकू यायचं आणि शेजारच्या पायरीवरचा माणूस, त्याच्याही दातांत पंचा असल्याने, "हो हा" म्हणायचा. वसंतदादांच्या कारखान्याचं निम्मं राजकारण आमच्या घाटावर स्वरांत चालायचं, व्यंजनं पंचात अडकलेली.

दुसरा पंथ गाठवाल्यांचा. हे लोक कमरेला गाठ मारतात आणि निर्धास्त होतात. त्यांचं पतन गाठीतूनच होतं. कारण ओली चड्डी गुडघ्यापर्यंत सरळ येते आणि तिथे चिकटते. आता ती ओढायला वाकावं तर गाठ सैल होते, न वाकावं तर पाय अडकलेला. या क्षणाला अनुभवी माणूस घाई करत नाही. तो नदीकडे बघतो, पलीकडच्या आयर्विन पुलाकडे बघतो, 'पाणी वाढलंय जरा' असं म्हणतो आणि तेवढ्या वेळात अंगठ्याने, होय, पायाच्या अंगठ्याने, ती खाली दाबून मोकळी करतो. नवशिका वाकतो. मी वाकलो होतो. सरकारी घाटापर्यंत हसू गेलं होतं.

तिसरा प्रकार वाऱ्याचा, पण तो पंथ नव्हे, ती आपत्ती आहे. एप्रिलमध्ये संध्याकाळी वळवाच्या आधी वावटळ सुटते तेव्हा घाटावरचे जाणते लोक एकमेकांना हाक मारून सावध करतात आणि सगळे जिथल्या तिथे खाली बसतात. वारा जाईपर्यंत वीस-पंचवीस पुरुष पायऱ्यांवर बसलेले, गंभीर चेहऱ्याने समोर बघताहेत, हे दृश्य बाहेरगावच्या माणसाला सायंप्रार्थनेचं वाटायचं.

आणि पंचा कसला? टर्किश टॉवेलला या शास्त्रात स्थान नाही. तो जड, पाणी प्यायला की खाली ओढतो. पंचा पातळ हवा, वाळलेला हवा, आणि आखूड हवा, कारण लांब असला की पायात येतो. पण फार आखूड असला तर... असो. विषय हरमलचा आहे हे माझ्या लक्षात आहे, पण पंचा सुटत नाही.

तर खडकाआड, समोर बघायला समुद्राशिवाय कुणी नसताना, ज्यासाठी आलो ते कपडे काढण्यासाठी मी आधी पंचा नेसलो. मग आतून सगळं उतरवलं. घड्याळ काढलं. चष्मा काढला, पुन्हा घातला, कारण खडक दिसेनात. आणि उरला करदोडा.

काळा, साधा, गाठीपाशी थोडा विटलेला. आईने बांधला होता, ती गेल्यावर पुढचे मीच बांधत आलोय, पण गाठ तिच्याच पद्धतीची मारतो. लहानपणी आम्ही भावंडं नदीत उघडी डुंबायचो तेव्हा ती काठावरून ओरडायची, "करदोडा आहे ना रे अंगावर?" आमच्याकडे करदोडा असला की माणूस उघडा धरत नाहीत. तो नसला तर सूट घातलेला माणूसही आमच्या लेखी नागडाच. करदोडा उतरतो तो एकदाच, आणि तेव्हा आपण तो उतरवत नाही. मी गाठीला हात लावला आणि हात मागे घेतला. कर्वे, क्रॉफर्ड, सोमण, सगळ्यांची माफी असावी. एवढं सोवळं मी पाळलं.

पाण्यात कमरेपर्यंत गेलो, पंचा सोडला, डोक्याला गुंडाळला आणि खाली बसलो.

यावर काही फार लिहिता येणार नाही. पाणी सगळीकडून एकसारखं लागलं. गेली चाळीसेक वर्षं शरीराच्या ज्या मधल्या पट्ट्याला कापडाशिवाय दुसरा स्पर्श माहीत नव्हता, त्याला समुद्राचा झाला. पोट आत ओढून धरलं होतं ते कधी सुटलं कळलं नाही. मैदानावरचे प्राध्यापक, आरसा, ठराव, अनुमोदन, यांतलं काही आठवेना. खडकावरून बायकोचा आवाज आला, "अहो, श्वास घेताय ना?" मी हात हलवला. दूरवरून म्हाताऱ्यानेही हात हलवला, त्याला वाटलं मी त्याला केला. मग आम्ही पाण्यात जरा बोललो. तो रोस्टॉकचा. पूर्व जर्मनीत बाल्टिकच्या किनाऱ्यावर आई, बाप, पोरं, आजी सगळी जणं उघड्यानेच पोहायची, त्यात कुणाला काही वाटत नसे, असं तो इतक्या सहज म्हणाला की मी त्याला पंचाचं शास्त्र सांगायचं ठरवलेलं रद्द केलं.

आणि त्या सहजपणावर मला काही फार आश्चर्य वाटलं नाही, याचं कारण सांगली. आमच्या रस्त्यावरून दिगंबर मुनी विहार करतात. हातात मोरपिच्छी आणि कमंडलू, उन्हात तापलेल्या डांबरावर अनवाणी पावलं, मागे श्रावक-श्राविका. आचार्य शांतिसागर महाराज आमच्याच भागातल्या भोज गावचे. कुंभोजजवळ बाहुबलीच्या डोंगरावरची अठ्ठावीस फुटी मूर्ती आम्ही शाळेच्या सहलीत पाहिली, मास्तरांनी रांगेत उभं करून. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी मराठी वाक्य कोरलं आहे, आणि आमच्या पिढीने ते मराठीतलं आद्य वाक्य म्हणून मार्कांसाठी पाठ केलं. पुढे अक्षीच्या १०१२ सालच्या लेखाने तो मान घेतला ते वेगळं. म्हणजे आमच्या भाषेने सुरुवातीची काही पावलं टाकली ती एका दिगंबराच्या पायापाशी. विहार चालू असला की विश्रामबागेच्या चौकात रिक्षावाला इंजिन बंद करतो. भाजीवाली उठून उभी राहते. केळी घेणारी कॉलेजची मुलगी हात जोडते आणि पुन्हा केळी निवडायला लागते. केस स्वतःच्या हाताने उपटणारा, दिवसातून एकदा उभ्याने, ओंजळीत जेवणारा माणूस. त्याने सोडलेल्या गोष्टींची यादी एवढी लांब, की कपडे तिच्यात कुठेतरी खाली येतात. माझी यादी कपड्यांपासून सुरू होऊन चष्म्यापाशी अडली होती, तेव्हा तुलना करण्याचा उद्धटपणा मी करत नाही. मी फक्त चौकाविषयी बोलतोय. त्या चौकात बघणाऱ्यांना बघायचं कसं हे ठाऊक आहे.

म्हणून वरच्या खडकावरून हाक आली तेव्हा मला आधी ती समजलीच नाही.

"आरं या की हिकडं! हितनं बेस दिसतंय!"

पाच-सहाजण होते. पंचविशीपासून चाळिशीपर्यंतचे, नव्या रंगीत चड्ड्या, 'गोवा' लिहिलेल्या टोप्या, एकाच्या हातात पाण्याच्या बाटलीत पाणी नसलेलं काहीतरी. दोघांनी मोबाईल काढून बोटांनी चित्र मोठं करायला सुरुवात केली होती. मोबाईल त्या म्हातारीकडे रोखलेले. सत्तर वर्षांची बाई, पुस्तक वाचत बसलेली.

"काका," त्यातला एक मला म्हणाला, "वाईच बाजूला सरका की. मदी येतंय तुमचं डोस्कं."

त्याला वाटलं मीही त्याच कामाला आलोय, फक्त पुढची जागा पकडून.

"कुठलं गाव, काका?"

भाषेवरून ओळखलं त्यांनी. मी डोक्याला पंचा गुंडाळून गळ्यापर्यंत पाण्यात होतो आणि अशा वेळी माणूस खोटं बोलू शकतो. पण सवयीने तोंडातून गेलं, "विश्रामबाग."

"आयला! आमी कुपवाडचं! शेजारीच की ओ!"

काय आनंद झाला त्यांना! गाववाला भेटला. एकाने तर वरूनच नमस्कार केला. मीही हात वर केला, त्यामुळे पाणी छातीपर्यंत आलं, मग पुन्हा खाली बसलो.

तेवढ्यात मी म्हातारीकडे बघितलं. तिला कळलं होतं. तिने मान वर केली नाही. डोळे पुस्तकावरच, फक्त डावा हात बाजूला गेला, वाळूतली लुंगी उचलली, झटकली, खांद्यावरून पुढे घेतली आणि पान उलटलं. न बघता. गर्दीच्या एसटीत बाई पदर सावरते तेवढ्या सरावाने. त्या हाताला हे किती वेळा करावं लागलं असेल याचा विचार मनात आला आणि मला संताप आला. उगाच, मोठा, काही उपयोग नसलेला.

मी पाण्यातच पंचा नेसलो. दाती धरून, काकांच्या पंथाने. लाट कृष्णेचं ऐकत नाही, ती मागून येऊन गुडघ्यात मारते, तरी नेसलो. बाहेर आलो, वाळूवर चालत त्या दोघांच्या आणि खडकाच्या मध्ये जाऊन उभा राहिलो आणि कमरेवर हात ठेवले. विठ्ठल म्हणून नव्हे, पंचा धरायला. पोट आत ओढलं नाही. ओढायचं नव्हतंच. जितकं होतं तितकं सगळं बाहेर सोडलं. माझ्या देहविस्ताराचा सार्वजनिक उपयोग झाला असा तो पहिलाच प्रसंग.

वर जरा शांतता पसरली.

"काका, आवो कुणाला बघाय आलोय, आनि काय दाखवताय!"

हसले सगळे. मीही हसलो असतो, वाक्य चांगलं होतं. पण तोंडात पंचा होता. मी त्याच अवस्थेत जे काय बोललो त्यात माणुसकी, आया-बहिणी, गावाचं नाव आणि कुपवाडच्या पोलीस चौकीचा उल्लेख होता. त्यांच्यापर्यंत पोचले ते फक्त स्वर. तरी सूर कळला असावा. एकाने मोबाईल खाली घेतला. दुसरा म्हणाला, "चला रं, काका तापल्यात." जाताना एकाने खडकावरून भडंगाकडे बघून बायकोला विचारलं, "मावशी, कुठल्या दुकानातलं?" तिने सांगितलं. वर मूठभर दिलं. तो खात खात गेला. वाईट पोरं नव्हती, हाच तर वैताग आहे. याच पोरांनी विहाराच्या वेळी चौकात गाडी थांबवून हात जोडले असतील. यांच्यातला एखादा कृष्णेच्या महापुरात होडीतून दूध वाटत फिरला असेल. घाट उतरला, गाडीला गोव्याची हवा लागली की त्याच डोळ्यांना काय होतं?

म्हातारीने मला "डांके" म्हटलं आणि पुस्तकात परत गेली. लुंगी मात्र तिने पुन्हा काढली नाही.

परतताना गाडीत मी बोलत सुटलो. वाडीचं सांगितलं. नृसिंहवाडीच्या घाटावर आई-आत्या पर्वकाळाला स्नान करायच्या, शेकडो माणसांत ओलं लुगडं सोडून कोरडं नेसायच्या, आत्या दोन हातांनी लुगडं ताणून आडोसा धरायची, आणि घाटावरच्या एकाही पुरुषाची मान वळायची नाही. कुणी सांगायला लागत नव्हतं, पाटी नव्हती, पोलीस नव्हता. काय संस्कार होते! मी रंगात आलो होतो. सावंतवाडी गेली, दाणोली गेली.

बायकोने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कुणाची मान वळत नव्हती हे तुम्हाला कसं माहीत? तुम्ही पाण्यात डुंबत होता."

"म्हणजे?"

"म्हणजे आत्या आडोसा कशाला धरत होत्या? वाऱ्यासाठी?"

मी गप्प बसलो. आंबोलीला धुकं होतं, गाडी हळू घ्यावी लागत होती.

"कोण बघतं ते आम्हाला कळायचं," ती म्हणाली. "मीपण वाडीला आंघोळ केलीये. अमक्या पायरीवर तो बसला असेल तर आई म्हणायची, दोन पायऱ्या पलीकडे चल. एवढंच. तुम्ही कौतुक करताय ते आमच्या सरावाचं आहे. तुमच्या मानेचं नाही."

चहाला थांबलो तेव्हा तिनेच जरा माया केली. "पण तुम्ही आज चांगले उभे राहिलात," म्हणाली. "फोटो काढायला हवा होता."

माझं त्या किनाऱ्याविषयीचं मत विचाराल तर असं : जागा सुंदर आहे, पाणी स्वच्छ आहे, खडकावर शेवाळ आहे तेव्हा चपला काढू नका. बाकी काय काढायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, आणि कायदा २९६ चा आहे हे लक्षात ठेवावं. पलीकडे कुणी पुस्तक वाचत बसलेलं असेल तर समुद्राकडे बघा, तो बराच मोठा आहे. मोबाईल गाडीतच राहू द्या. आणि यातलं काहीच जमणार नसेल, तर कुपवाडकरहो, सांगलीकरहो, मिरजकरहो, एक विनंती आहे : पेडण्याच्या पुढे गाडीच्या नंबरप्लेटवर तेवढं एक फडकं टाका. एमएच-१० वर आम्हीही फिरतो.